डावीकडच्या कळा

तिने बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप पुन्हा एकदा बंद केला. काळ्या पडद्यात तिचाच चेहरा दिसला, सकाळपासून न विंचरलेल्या केसांचा. एका लांबलचक बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकून संध्याकाळपर्यंत टाइप करून पाठवायचं होतं. लेक ठकू पाळणाघरात जायला लागल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. उशीर झाला तर दुसऱ्या कुणाला देऊ, असं ऑफिसातल्या मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

आणि काल नवी सिस्टीम घातल्यापासून दोन ओळी झाल्या की सगळं गोठत होतं.

“जुने अ‍ॅड-ऑन काढलेस का?” फोनवर धाकट्या भावाने विचारलं. कॉम्प्युटर दुरुस्ती हाच त्याचा धंदा. बहिणीचं काम फुकटात, म्हणून वर बोलणीही.

“कोणते काढू?”

“सगळे. त्यांची सोय नव्या सिस्टीममध्ये आधीच असते. चष्म्यावर चष्मा कशाला?”

वरून जोडलेले ते छोटे प्रोग्रॅम ती एकेक काढत गेली. पडदा मंद करणारा; ठकू कुशीत झोपलेली असताना तो लागायचा. मेसेजची किणकिण दाबणारा. प्रत्येकाचं नवं रूप आधी शोधायचं, चालतंय ना ते बघायचं, मगच जुन्याला हात लावायचा. तरी लॅपटॉप गोठलाच.

“आता एकच राहिलाय. एकहाती कीबोर्डचा.”

मराठी कीबोर्डवर बहुतेक अक्षरं उजव्या हाताला, काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला. हा अ‍ॅड-ऑन असला, की अंगठ्याने स्पेसबार दाबून धरायचा. डावीकडचं सगळं उजव्या बोटांखाली यायचं. डाव्या हाताला ठकू असायची. तिला थोपटत थोपटत हिने पानंच्या पानं टाइप केली होती.

“तोच खोडा घालतोय. उडव त्याला.”

“हा नव्यात नाहीये. मी शोधला.”

“नसेलच. लोकांना दोन हात असतात, ताई.”

“आणि परत लागला तर? आता तो कुठे मिळतही नाही. उद्या ठकू तापली, घरीच राहिली, तर?”

“तर आई येईल. भाऊजी रजा टाकतील. अगं, ती पळायला लागली की मला सापडत नाही, आणि तू तिला मांडीवर घेऊन टाइप करणार?”

तिने फोनकडे पाहिलं. पाळणाघरातून काहीच मेसेज नव्हता. सकाळी दारात ठकू रडली नव्हती. वळूनही न बघता आत गेली होती. “बघा, रुळली हो,” बाई म्हणाल्या होत्या, आणि ही उगाच ठकूच्या पिशवीची चेन पुन्हा पुन्हा लावत उभी राहिली होती.

“ताई, काम जाईल हातचं.”

तिने ‘काढा’ दाबलं. नक्की काढायचं का, असं लॅपटॉपने विचारलं. तिने फोनच ठेवून दिला आणि मग ‘हो’ दाबलं.

लॅपटॉप सुरळीत चालू झाला. कानात रेकॉर्डिंग लावून, डोळे मिटून ती भराभर टाइप करत राहिली. एकदाही अडलं नाही. डोळे उघडले तर पडद्यावर बोडकी अक्षरं, मध्येमध्ये मोठाल्या मोकळ्या जागा. मात्रा एकही नाही.

तिने पुन्हा फोन लावला. “झालं तुझं समाधान? मात्राच गेल्या सगळ्या. आता काय पाठवू मी त्यांना, सांग.”

“काहीतरीच. मात्रा सिस्टीमच्या आहेत, त्या कुठे जातील? डावीकडच्या कळा दाबून बघ.”

तिने खाली पाहिलं. डावा हात कीबोर्डवर नव्हता. तो तिच्या मांडीवर होता, आणि थोपटत होता. सावकाश, एका लयीत.

“हॅलो? येतायत का मात्रा?”

“थांब जरा,” ती म्हणाली, कुणी जागं होऊ नये इतक्या हळू.