हरणाच्या शिंगांचा अर्क

"हात बघा, हात! आईंचे हात बघा!" अर्क विकायला आलेले बांगसाहेब माइकमध्ये ओरडले आणि हॉलभर बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. अंड्यांचा ट्रे फुकट म्हणून आलेल्या बायका अंडी विसरून माना उंचावत होत्या. मंचावर ओकबुन आजी बसल्या होत्या. महिनाभरापूर्वी सुनेला 'तू कोण गं?' विचारणाऱ्या आजी आता कोबीचं पानन् पान उचलून आत तिखट मसाला भरत होत्या. थंडीच्या तोंडावर आमच्या कोरियात घरोघरी वर्षभराची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालतात तशी, सरसर, एकही पान न चुकता.

"तीन आठवडे हरणाच्या शिंगांचा अर्क! मेंदूचा गंज उतरला! डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंश बरा होत नाही. अहो, त्या डॉक्टरला आईच नसेल!"

हशा पिकला. हा माणूस दिसेल त्या म्हातारीला 'आई' म्हणतो. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला शिसारी येते.

मी गावच्या स्मृती केंद्रात, विसरू लागलेल्यांच्या सरकारी दवाखान्यात, परिचारिका आहे. ओकबुन आजींचा मुलगा बोटीवर कामाला गेल्यापासून त्या केंद्रात फिरकल्या नव्हत्या. आम्ही तीन पत्रं पाठवली होती. मागच्या रांगेत त्यांची सून ल्येन दिसली. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली पोर.

"गोळ्या देतेस ना त्यांना?"

"बंद केल्या, ताई. साहेब म्हणाले, गोळ्यांनी अर्क मरतो."

"आणि परवा कुठे सापडल्या त्या?"

"कालव्यात. अनवाणी. कमरेएवढ्या पाण्यात."

माझं डोकंच फिरलं. मी माझ्या आईला मुद्दाम बरोबर आणलं होतं. तिचा हात धरून मंचावर चढले.

"हिलाही एक कोबी द्या."

नवं गिऱ्हाईक बघून बांग खुलला. आई बसली, बाह्या सारल्या आणि ओकबुन आजींच्या बरोबरीनं पानं भरू लागली.

"पाहिलंत? अर्काचा नुसता वास पुरला!"

"मग बाटल्या कशाला विकता? वासच विका की!" मी सुनावलं.

लोक हसले. या वेळी त्याला.

"ही माझी आई," मी म्हटलं. "तीन वर्षं स्मृतिभ्रंश आहे. लाजेनं मी कुणाला सांगितलं नव्हतं. अर्काचा थेंब हिनं घेतलेला नाही. साठ हिवाळे केलेलं काम हातांना पाठ असतं. कालचं आधी पुसलं जातं, जुनं शेवटी. या माणसाला ते ठाऊक आहे, म्हणून त्यानं कोबीच पुढ्यात ठेवला. आजी, किमची कुणासाठी?"

ओकबुन आजी हसल्या. "धनी येतील ना खाणीतून."

धन्यांना खाणीनं गिळून तीस वर्षं झाली होती. हॉलमधल्या प्रत्येकीला ते माहीत होतं. एकेक बाई उठली. बांग माइक गुंडाळू लागला.

दारात ल्येननं पिशवीतून तीन बंद पाकिटं काढली. आमचीच होती. "जपून ठेवलीत, ताई. काय लिहिलंय यात?"

तपासणी फुकट, दिवसभर सांभाळ, घरी येणारी मदतनीस. सगळं होतं, फक्त तिला वाचता येणाऱ्या अक्षरांत नव्हतं. त्याच पिशवीत बांगचं पत्रक होतं, स्वच्छ व्हिएतनामी भाषेत छापलेलं.

त्या भामट्याची मला किळस येते. पण आमच्या पत्रांचीही आली. बाबांनो, घरातलं माणूस विसरू लागलं तर लपवू नका, दवाखान्यात न्या. आणि आपण दवाखानेवाल्यांनी आधी ल्येनच्या दारात जावं, तिच्या भाषेत बोलावं. आपण गेलो नाही, म्हणून बांग गेला.