जावयाची भाकर

माझ्या नवऱ्याला गहू चालत नाही. हे वाक्य बाहत्तर सालच्या वैशाखात सोनाळ्यात मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. समोरच्याने 'असं कसं?' म्हणायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आजार ह्यांचा, तोंड दुखायचं माझं.

हे म्हणजे शालिग्राम, भुसावळला रेल्वेत गार्ड. चार वर्षांपूर्वी त्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून आठ-दहा वेळा जायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, हातापायांच्या काड्या झाल्या. वैद्य झाले, हकीम झाले, नुसत्या ताकावर ठेवून झालं. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांच्या आतड्याला गहूच सोसत नाही. पोळी बंद, रवा बंद, पाव, बिस्किट, शेवया सगळं बंद, अगदी कणिक असते म्हणून बाजारचा हिंगसुद्धा बंद. चिमूटभर गेलेलाही चालणार नाही. ज्वारी, तांदूळ, डाळ, भाजी यांवर राहायचं. आम्ही राहिलो आणि दीड वर्षात माणूस माणसात आला. काटा एकोणपन्नास किलोवर गेला.

सोळा मेला रेल्वेच्या डॉक्टरांची तपासणी होती. वजन अठ्ठेचाळीसच्या खाली भरलं तर गाडीवरून काढणार, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मग कुठल्या तरी कोठारात बसवतील, नाहीतर घरी धाडतील. ह्यांचा जीव गाडीत. शेवटच्या डब्यातून अख्खी गाडी वळणावर दिसते ना, ती बघायला मिळाली की ह्यांचं पोट भरतं. 'ते गेलं तर मग मी कशाला बरा झालो,' असं ते एकदाच म्हणाले होते. बोलणारा माणूस नव्हे, म्हणून ते माझ्या डोक्यात बसलं.

त्यात वैशाख अधिक आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडायचं. माझी आई मी पाळण्यात असताना गेली. मला वाढवलं थोरल्या काकूने, अन्नपूर्णाबाईने. मी तिला मोठी आई म्हणते. तिला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे जन्मात जावई काय तो हा एकच. आधी आजारापायी, मग पथ्यापायी चार वर्षं आम्ही गेलो नव्हतो. या वेळी तिने कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं, की एकदा जावई डोळ्यांनी पाहू दे. ह्यांची दहा दिवसांची रजा शिल्लक होती. मीच म्हटलं, चला. वऱ्हाडात घरोघरी ज्वारी, ह्यांच्या पोटाला याहून सोयीचा मुलूख कुठे मिळणार? माझी अक्कल.

कारण ज्वारी घरची माणसं खातात. पाहुण्याला गहू लागतो, आणि जावयाला तर गहूच. मी उंबऱ्यातच पथ्य सांगितलं तेव्हा मोठी आई माझ्याकडे बघतच राहिली.

"जवाईबुवाले भाकर वाढू? लोकं थुकतीन माह्या तोंडावर."

"थुकू दे. पण गहू नाई म्हणजे नाई. दाणा बी नाई."

"हाव," ती म्हणाली. "तू म्हणशीन तसं."

इतक्या लवकर ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. तिने धोंडेही तांदळाच्या पिठाचे केले. फुटले, पुरण पातेलंभर झालं, पण केले. मी तिला मनातल्या मनात शंभर वेळा दंडवत घातला.

खरी कटकट गावाची होती. जावई आला म्हटल्यावर रोज एका घरचं आवतन. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान, आणि जावं तर ताटात पहिली पोळीच. मी युक्ती काढली. सकाळी मोठी आई ह्यांच्यापुरत्या भाकरी थापायची, त्या फडक्यात बांधून मी प्रत्येक जेवणाला बरोबर न्यायची. लोकांच्या पंगतीत बसून स्वतःच्या नवऱ्याच्या ताटात स्वतःच्या घरची भाकरी वाढायची, याला कातडी जाड लागते. शेजारच्या तानाबाईने तर तोंडावर विचारलं, "काऊन वं, आमच्या घरची पोळी का बाटली हाये?" मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ह्यांच्या ताटात पोळी टाकलीच, वरून तूपही सोडलं. मी ती उचलून माझ्या ताटात घेतली. बायका हसल्या. म्हणाल्या, भुसावळवालीले स्वतःलेच पोळ्या पाह्यजेत.

असे मी आठवडाभरात चुकवलेले घास मोजले असते तर पोतं भरलं असतं. प्रत्येक जेवणाला मी ह्यांना हळूच विचारायची, "बरी आहे ना भाकरी?" आणि हे म्हणायचे, "ज्वारीची आहे. छान आहे." की मी निर्धास्त.

चौथ्या दिवशी ह्यांचं पोट फुगलं. पाचव्या दिवशी डबा घेऊन नाल्याकडे सहा खेपा झाल्या. सहाव्या दिवशी मी खेपा मोजायचं सोडून दिलं. मला ओळखीचा तो राखाडी रंग त्यांच्या तोंडावर आला. दीड वर्ष घासाघासाने मिळवलेलं माझ्या डोळ्यांदेखत गळून चाललं होतं, आणि कुठून गळतंय ते सापडत नव्हतं. पाणी उकळून दिलं. आंबा बंद केला. दूध बंद केलं. तरी तेच.

मग माझ्या डोक्यात चक्की आली. गावात एकच पिठाची चक्की, बद्रुद्दीनभाऊंची. आल्या दिवशीच मी त्यांना सांगून आले होते की आमची ज्वारी सकाळी सगळ्यांच्या आधी दळा, आधीचा गहू जात्यात राहायला नको. ते हो म्हणाले होते. पण हो काय, सगळेच म्हणतात. मी तरातरा गेले. चक्कीवर दहा-बारा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी नको ते बोलले. माणसाच्या जिवाशी खेळता, लाज वाटत नाही, असंही बोलले.

बद्रुद्दीनभाऊंनी पट्टा बंद केला. चक्कीचा आवाज थांबल्यावर माझाच आवाज मला मोठा ऐकू आला.

"बाई, रोज पाटा झाडून, वरून शेरभर माह्या घरची ज्वारी दळून, मंग तुमचा डबा लावतो," ते म्हणाले. "थे पह्यलं पीठ आमची जमीला बकऱ्याईले घालते. इचारा तिले."

एवढंच बोलून त्यांनी पट्टा चालू केला. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी खाली मान घालून घरी आले, पण विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठी आई देवळात गेली असताना मी कोपऱ्यातलं जुनं जातं धुऊन पुसून मांडलं आणि स्वतः दळलं. स्वतः पीठ मळलं, स्वतः थापलं. माझी भाकरी काही मोठ्या आईसारखी होत नाही. कडेला चिरा पडल्या, एक तर तव्यावर टाकतानाच तुटली. ह्यांना तशीच वाढली. त्यांनी घास घेतला आणि सहज म्हणून गेले, "आज ज्वारीची वाटते."

माझा हात तव्यावरच राहिला. चटका बसला तेव्हा काढला.

"आज?" मी म्हटलं.

मी समोर जाऊन बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड वर्ष गहू तोंडात नाही, त्यामुळे ह्यांना गव्हाचा नुसता वास आला तरी कळतो. पहिल्या दिवशी पहिल्याच घासाला कळलं होतं. भाकरीच्या पिठात गहू मिसळलेला होता. पोळी चुकवलेल्या प्रत्येक पंगतीत मी माझ्या हाताने तीच भाकरी ह्यांच्या ताटात वाढत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"त्या समोर पंखा घेऊन बसतात," हे म्हणाले. "मी दोन भाकऱ्या खाल्ल्या की त्यांचं तोंड इतकं खूश होतं की नाही म्हणवत नाही. म्हटलं, चार दिवस निघतील. थोड्याने काय होतंय. मग पोट बिघडलं, तोवर इतके दिवस खाल्लेलं कोणत्या तोंडाने सांगू."

मला ह्यांचा भयंकर राग आला. दीड वर्ष मी या माणसाला राखला तो काय या भिडेपायी घालवायला?

मोठी आई प्रसाद घेऊन आली. मी सरळ विचारलं. तिने लपवलं नाही.

"मूठभर टाकत होती, पोरी. मूठभरच. नुसत्या ज्वारीनं आंग भरत नाई. जवाईबुवाचे गाल पाह्य कसे बसले, गव्हानं जरा ताकद येईन म्हटलं."

"म्या तुले वीस डाव सांगतलं न, दाणा बी नाई म्हणून?"

"हाव, सांगतलं." ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. "पण खाणारा नाई नाईच म्हणते न, बाई. पावन्याले नाई म्हणाचीच रीत हाये. आपण वाढाचं असते."

तिला वाटलं होतं की मी आणि हे मिळून पाहुण्यासारखे नाही म्हणतोय. आणि मीही तर लहानपणापासून याच घरात पाहुण्यांच्या आडव्या धरलेल्या हातावरून वाढत आले होते. मी तिला आतडं काय, डॉक्टर काय म्हणाले, नोकरी कशी जाईल, सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ते तिच्या आत गेलं. तिने फाडकन स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. मी भांडायला बसले होते, आणि तिचे हात धरून बसून राहिले. जिच्यावर रागवावं अशी कोणी उरलीच नव्हती.

ती म्हणाली, "तुह्या गळ्याची आन, पोरी. आता दाणा बी नाई."

निघायच्या दिवशी सकाळी मी आधी चक्कीवर गेले. बद्रुद्दीनभाऊंची माफी सगळ्या बायकांसमोरच मागितली पाहिजे, असं मी ठरवलं होतं. पण चक्कीवर एकही बाई नव्हती, ते एकटेच होते. मी हात जोडले. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. पावन्याची तब्येत सांभाळा." पण नजर वर केली नाही. परत आले तोवर एसटीची वेळ झाली होती आणि मोठ्या आईने शिदोरी बांधून ठेवली होती. पीठ कोणतं, थापलं केव्हा, मी काहीच बघितलं नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती. त्या क्षणी तिला विचारणं माझ्याने झालं नाही.

शेगावला गाडीला दोन तास होते. फलाटावर वजनाचं यंत्र होतं. हे नको म्हणत असताना मी त्यांना वर उभं केलं. चिठ्ठी बाहेर आली. चव्वेचाळीस. तपासणीला सहा दिवस होते. सहा दिवसांत चार किलो चढत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. ह्यांनी चिठ्ठी बघितली, घडी करून खिशात ठेवली आणि येणाऱ्या मालगाडीकडे बघत राहिले. ती शेवटच्या डब्यापर्यंत निघून जाईस्तोवर त्यांनी मान वळवली नाही.

सकाळपासून त्यांच्या पोटात पेजेपलीकडे काही नव्हतं. स्टेशनवर पुरी-भाजी होती आणि बिस्किटं होती, दोन्ही आमच्या कामाची नव्हती. मी शिदोरी सोडली. चार भाकरी, पांढऱ्याशुभ्र, कडेला एक चीर नाही, गहू मिसळला की होतात तशा. पण मोठी आई चाळीस वर्षं भाकरी थापतेय, नुसत्या ज्वारीचीही ती तशीच करू शकते. मी तुकडा तोंडात टाकला, चावला, पुन्हा चावला. मी रोज पोळी खाणारी, मला काही कळेना. कळणारी जीभ एकच होती.

मी भाकरी ह्यांच्यापुढे धरली. त्यांनी तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"ज्वारीची आहे," ते म्हणाले.

"खरं सांगा. तुम्हाला माझी शपथ."

"अगं खरंच. ज्वारीचीच आहे. छान आहे."

आणि त्यांनी दुसरा तुकडा मोडला. हातातून काढून घेतली तर भुकेने कोसळतील, आणि असू दिली तर आत काय चाललंय ते मला उद्यापर्यंत कळणार नव्हतं. ते खाली मान घालून, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिले. मी पाण्याचा तांब्या धरून शेजारी बसले होते.