मला धक्का लावू नका

माझ्या स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, समोरच्या फळीवर, रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल जाळी आहे. जाळीच्या आत तारेचं एक वेटोळं आहे. थंडीच्या सकाळी ड्रायव्हर शेजारची मूठ ओढून धरतो. आधी काहीच दिसत नाही. मग वेटोळ्याच्या मधोमध तपकिरी झाक येते, ती कडांकडे सरकते आणि पाहता पाहता सगळी तार वाळल्या ब्याडगी मिरचीसारखी लाल होते. तेवढं झालं की समजायचं, आतले हीटर प्लग तापले. मग मूठ आणखी ओढायची आणि मी जागा होतो.

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. जुना आहे हे मी स्वतःच सांगून टाकतो, कारण दुसरा कुणी सांगू लागला की त्याच्या पुढच्या वाक्यात 'भंगार' येतं. भंगार मी नाही. एकदा मला भंगार ठरवून माणसं साखळी घेऊन आली होती. त्याचीच ही हकिकत आहे.

आधी माझ्या पोटातली एक गोष्ट समजून घ्या. माझ्या इंजिनात ठिणगी पडत नाही. हवा जोरानं दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पण कडाक्याच्या गारठ्यात लोखंडच इतकं थंड असतं की हवेची सगळी ऊब तेच पिऊन टाकतं. म्हणून माझ्या सहा सिलिंडरांच्या डोक्याशी सहा हीटर प्लग बसवले आहेत. ते एका ओळीत, एकमेकांचे हात धरून उभे असतात. वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी शेवटपर्यंत जाते. त्यामुळे एकाची तार तुटली की सहाही गार पडतात आणि जाळीत लाली येत नाही.

मी कारखान्याबाहेर पडलो ते साल छप्पन्न. हुबळीच्या एका व्यापाऱ्यानं मला आणलं. माझ्यावर पोती चढवणाऱ्या हमालांच्या टोळीत धोंडिबा होता. उंच, रुंद पाठीचा, कमी बोलणारा. त्या दिवसांत बाजारातले काही लोक त्याला हात लावायचे नाहीत. पुढे सरक म्हणायचं असलं की काठीच्या टोकानं त्याला ढकलायचे. मी ते पाहिलं आहे. माझ्या फाळक्याला टेकवलेलीच काठी ते उचलायचे.

त्याच छप्पन्न साली धोंडिबानं आणि त्याच्या घरच्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली. पुढे व्यापाऱ्यानं नवी गाडी आणली, तेव्हा टोळीतल्या साऱ्यांनी हातभार लावला आणि धोंडिबा माझा मालक झाला. ज्या पाठीवर पोती होती, ती पाठ माझ्या सीटला टेकली. त्यानं माझ्या कपाळावर निळ्या रंगात एक चक्र रंगवलं आणि म्हणाला, "तू छप्पन्नचा, मीपण छप्पन्नचाच. त्याआधीचं काय मोजायचं नाही."

आणि त्यानं एक नियम केला. या गाडीला कुणी धक्का मारायचा नाही. ती चालेल तर स्वतःच्या दमावर चालेल.

हा नियम त्याचा होता तसाच माझाही होता. स्टँडवरचे बाकीचे ट्रक पाहा. रात्री उतारावर उभे राहायचे, सकाळी चार माणसं मागून लागायची, घरंगळत निघायचे आणि वाटेत कुठंतरी खोकत सुरू व्हायचे. मी सपाट जागी उभा राहायचो. परसू ड्रायव्हर दसऱ्याच्या आयुधपूजेला आपल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवताना दरवर्षी टोमणा मारायचा.

"धोंडिबा, तुझ्या गाडीला लिंबू नाही, नारळ नाही. रुसली म्हणजे कळेल!"

"लिंबू सरबताला ठेव की परसू. आधीच तुझी गाडी ढकलून ढकलून घसा सुकलाय पोरांचा."

सगळं स्टँड हसायचं. परसूसुद्धा हसायचा.

वर्षं गेली. कलघटगीहून भात, ब्याडगीहून मिरची, धारवाडहून विटा. कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी शाळेची बाकं. घाटात माझ्यापेक्षा तरुण गाड्या बाजूला बॉनेट उघडून वाफ सोडत बसायच्या आणि मी त्यांच्या शेजारून सावकाश, पण न थांबता वर जायचो. याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही.

मग एका थंडीत जाळी लाल झाली नाही. ओळीतला मागचा, शेवटचा प्लग जळला होता. धोंडिबानं तो शोधून काढला, हे त्याचं कौतुकच. पण नवा प्लग आणण्याऐवजी त्यानं काय केलं? तांब्याच्या तारेचा एक तुकडा घेतला आणि मेलेल्या प्लगला वळसा घालून वीज थेट पलीकडे नेली. प्लग काढलासुद्धा नाही. राहू दिला त्याच्या जागेवर.

यात त्याचा चिक्कूपणा नव्हता. हमालांच्या टोळीचा रिवाज होता तो. टोळीतला एकजण आजारी पडला की त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. बाकीच्यांनी त्याच्या वाटची पोती उचलायची. धोंडिबा आयुष्यभर असाच वागला होता. त्याला वाटलं, सहातला एक थकला, तर पाच ओढतील.

जाळी पुन्हा लाल झाली. उलट पूर्वीपेक्षा लवकर झाली.

"बघ!" तो खूश होऊन म्हणाला. "पाच असून जोर जास्त हाय."

तो जोर नव्हता, मित्रांनो. तो ताप होता. सहांसाठी असलेली वीज आता पाचांतून धावत होती. ते जास्त तापत होते आणि लवकर जळत होते. पुढच्या थंडीत आणखी एक गेला. आणखी एक वळसा. मग तिसरा. जाळी दर वेळी अधिक लवकर, अधिक लख्ख लाल होत गेली, आणि मी मात्र सकाळी पांढरा धूर ओकत, थरथरत, कसाबसा उठू लागलो.

थकत तोही होता. क्लच दाबताना त्याचा डावा गुडघा कुरकुरायचा. शेजारी बसलेल्यानं विचारलं की म्हणायचा, "गाडीचा आवाज हाय तो." माझा नव्हता.

त्याची मुलगी चंद्रभागा जवळच्या तारिहाळच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळण्याचं काम करायची. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याबरोबर यायची. कलघटगी मागं पडली की धोंडिबा दार उघडून पलीकडे बसायचा आणि ती चालवायची. चढावर गिअर केव्हा बदलायचा ते ती माझ्या आवाजावरून ओळखायची. लायसनही तिनं काढलं होतं. पण हुबळीचा नाका लांबून दिसू लागला की धोंडिबा म्हणायचा, "थांबव." पुन्हा जागांची अदलाबदल. नाक्याच्या आत ती ड्रायव्हरच्या सीटवर कुणालाच कधी दिसली नाही.

"अप्पा, कारखाना सोडून गाडीच घेते मी. नाक्याच्या आत कधी आणू?" ती विचारायची.

"बघू."

किती तरी हंगाम या एका शब्दावर निघून गेले.

शेवटी एका मार्गशीर्षातल्या सकाळी जाळी काळीच राहिली. धोंडिबानं तारा चाचपल्या, बॅटरी चार्ज करून आणली. मी फक्त घरघरलो. परसू हात चोळत पुढे आला.

"धोंडिबा, आम्ही सगळे लागतो मागून. उताराला सोडली की स्टार्ट घेईल. एकदाच."

"नको."

"अरे, आम्ही काय परके हाय काय?"

"परसू, तू भावासारखा. पण धक्का नको."

परसूनं हात मागे घेतला. काठीची गोष्ट त्याला ठाऊक होती.

बातमी जुन्या हुबळीत आप्पासाहेबांपर्यंत पोचली. भंगाराचा त्यांचा धंदा. ते आले, बॉनेटवर बोटांनी टकटक केली आणि सभ्यपणे म्हणाले, "इंजिनाचा दम गेला, धोंडिबाण्णा. होगली बिडो. जाऊ दे आता. आमच्याकडं चांगलं कापतात, त्रास होत नाही."

चांगलं कापतात! मला जीभ असती तर मी तिथंच उत्तर दिलं असतं. दम माझ्यात भरपूर होता. पेटायला सुरुवात करून देणारी ऊब तेवढी नव्हती.

धोंडिबानं माझ्या कपाळावरच्या निळ्या चक्रावरून हात फिरवला. "रविवारी सकाळी या," तो म्हणाला. "स्वतःच्या दमावर सुरू झाली नाही, तर न्या."

शनिवारी दुपारी चंद्रभागा कारखान्यातून सरळ स्टँडवर आली. बॅटरीची तार आधी सोडवली आणि मग बॉनेट उघडलं. प्लगांच्या ओळीवरचा तेलकट मळ तिनं फडक्यानं पुसला, तशा तांब्याच्या तारा उघड्या पडल्या.

"अप्पा, हे वळसे कुणी घातले?"

"मी. का?"

"तीन प्लग बाहेरच ठेवलेत तुम्ही."

"बाहेर कुठं? जागेवर हायत की. त्यांचा वाटा बाकीचे ओढतायत. टोळीत असंच असतंय."

"टोळीतला माणूस थकला की म्हणतो, थकलो. प्लग बोलत नाही अप्पा, जळतो. तिघांवर सहांचा भार टाकला तुम्ही. तेही गेले."

"पण लाल लवकर व्हायची की जाळी!"

"म्हणूनच."

धोंडिबा बंपरवर बसला. त्यानं गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे त्या एकाला सांभाळायला गेलो आणि सगळी ओळ घालवली म्हण की."

पदर खोचून तिनं पान्हा उचलला.

नवे सहा प्लग तिनं बाजारातून आणले होते. प्लगांना जोडणाऱ्या पट्ट्या सोडवल्या, काजळी झाडली. पाच जुने प्लग थोडे कुरकुरत निघाले. सहावा, मागचा, सगळ्यांत आधी मेलेला, हलेना. इतकी वर्षं निर्जीव बसून तो काजळीत रुतला होता. चंद्रभागेनं जोर लावला तशी माझ्या डोक्यात कळ गेली. तो तुटून आत पडला असता तर आप्पासाहेबांचं म्हणणं खरं झालं असतं.

"सोड," धोंडिबा उठला. "ओढू नको. अडकलेलं पोतं आधी हलवतात."

त्यानं मुळाशी डिझेल सोडलं आणि वाट पाहिली. मग पान्हा किंचित पुढे, किंचित मागे. पुन्हा डिझेल. पुन्हा पुढे, मागे. सूर्य गोदामाआड गेला तेव्हा आतून करकर असा बारीक आवाज आला आणि तो प्लग त्याच्या हातात आला. काळा, अर्धा वितळलेला. धोंडिबानं तो पुसून खिशात ठेवला.

ती रिकामी जागा चंद्रभागेनं काडीला चिंधी गुंडाळून स्वच्छ केली. नवा प्लग आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्ह्यानं बेताचा आवळला. पट्ट्या घासून पुन्हा जोडल्या. तांब्याच्या तारांचे तुकडे मात्र तिनं बापाच्या हातात दिले.

"या आता लावायच्या नाहीत, अप्पा. कुठंच."

तो 'कुठंच' शब्द त्यानं ऐकला. मीही ऐकला.

रविवारी सकाळी गारठा होता. आप्पासाहेब साखळी आणि ओढायला एक गाडी घेऊन आले. परसू आणि स्टँडवरचे सगळे जमले. माझ्या आडव्या दांड्याला साखळीचा आकडा लागला, खणकन. मित्रांनो, त्या थंडगार आकड्याचा स्पर्श मी विसरलेलो नाही.

धोंडिबा सीटवर चढला. त्यानं मूठ ओढून धरली. जाळी काळी. अजूनही काळी.

"साकु, धोंडिबाण्णा," आप्पासाहेब म्हणाले. "पुरे झालं."

"थांबा की जरा," चंद्रभागा पायरीवरून म्हणाली. "आता सहा हायत. सहांना सावकाशच तापायला लागतं."

मग मधोमध तपकिरी झाक आली. घाई न करता ती कडांकडे सरकली. तार लाल झाली, लख्ख नव्हे, शांत लाल. धोंडिबानं मूठ आणखी ओढली.

मी एकदा घुमलो. दुसऱ्यांदा घुमलो. आणि मग सहाही सिलिंडर एकापाठोपाठ एक बोलले, असे बोलले की समोरच्या चहाच्या टपरीवरची पत्र्याची झाकणं थडथडली. कुणी मला हात लावला नव्हता. पाठीमागं कुणी उभंसुद्धा नव्हतं. परसूनं टोपी काढून हवेत उडवली आणि ओरडला, "यप्पा! लिंबाशिवाय!"

तुम्हांला एकच सांगतो. थकलेल्याचा मान ठेवा, त्याला खिशात जपा. पण त्याची जागा तारेनं झाकू नका. तिथं नव्याला बसू द्या. आणि ज्याच्यात दम आहे त्याला भंगार म्हणण्याआधी त्याची ऊब कुठं हरवली ते शोधा.

आप्पासाहेबांनी स्वतः वाकून आकडा काढला. माणूस वाईट नव्हता. हात झटकत त्यांनी विचारलं, "मग काय धोंडिबाण्णा? आता पुढं चालवणार कोण, त्या गुडघ्यानं?"

चंद्रभागा खाली पाहत फडक्यानं बोटं पुसत होती. तिला उत्तर पाठ होतं. मलाही पाठ होतं. 'बघू.'

धोंडिबानं मला सुरूच ठेवलं. दार उघडलं आणि दांडा धरून, कुरकुरणारा पाय आधी टेकवत, तो खाली उतरला. खिशात हात घालून त्यानं तो जळका प्लग चाचपला. मग सीटकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आजपासून गाडी चंद्रभागा चालवणार. नाक्याच्या आतसुद्धा."