वरच्या पायरीवरची खूण

"वरच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय खूण करायची नाही, चिमणे. आणि वर गेलीस की खाली बघायचं नाही. ही शिडी ज्याच्या घरी जाणार, त्याचा पाय आठवायचा."

तिच्या वडिलांना, आबांना जाऊन अडीच वर्षं झाली, तरी कारखान्याचं कुलूप काढताना हा आवाज तिच्या कानाशी येई. चढा नाही, रागाचा नाही. रंधा मारून झाल्यावर लाकडावरून हात फिरवत बोलावं, तसा.

गेल्या दीड महिन्यापासून मात्र आवाजापाठोपाठ आणखी काहीतरी येऊ लागलं होतं. दार ढकललं, की आतल्या अर्धवट उजेडात भिंतीला टेकलेल्या शिड्यांच्या रांगेतून कुणीतरी चढल्यासारखं व्हायचं.

टक. टक. टक. टक.

चार पावलं, आणि मग काही नाही. पाचवं कधी पडत नसे. ती दारातच श्वास धरून उभी राही. मग एकेक खिडकी उघडत जाई. आत भुसा, लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास आणि रिकाम्या शिड्या.

"लाकूड वाळतंय, ताई," मिस्त्री एकदा म्हणाले होते. "वाळताना बोलतं ते." पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं या कारखान्यात लाकडी शिड्या बनत होत्या. लाकूड निवडायचं मिस्त्रींनी, पॉलिश करायचं मावशींनी, आणि शेवटचं काम मालकाचं. शिडी भिंतीला लावायची, चपला बाजूला काढायच्या, नवव्या, सगळ्यांत वरच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं, मनातल्या मनात नऊ अंक मोजायचे आणि वाकून त्याच पायरीवर खडूने बरोबरची खूण करायची. मगच शिडी दाराबाहेर. आबांनी हा नेम तापातही मोडला नव्हता. अखेरच्या आजारपणात त्यांनी खडूचा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि तिने मान हलवली होती. एवढंच. पण शब्द दिला तो दिला.

पहिली दोन वर्षं तिने तो पाळलाही. मग एकदम चाळीस शिड्यांची मागणी आली. गाडी संध्याकाळी येणार, पोटऱ्यांत गोळे आलेले, फोन वाजतोय, आणि सगळी माणसं बाहेरच्या अंगणात दोर कापण्यात गुंतलेली. अकरा शिड्या तिने चढून पाहिल्या. बाराव्या शिडीला तिने स्टूल ओढलं. आडव्या ठेवलेल्या शिड्यांच्या शेंड्यांशी बसून तिने पुढच्या एकोणतीस खुणा भराभर ओढल्या. कोण बघतंय, असं मनात आलं, आणि तेवढ्यावर भागलं.

त्यातली एक एका रंगाऱ्याच्या पायाखाली मोडली. पाचवी पायरी. मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलं. ती भेटायला गेली तेव्हा रंगारी भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्याच्या बायकोने तिला पाणी दिलं आणि एकच विचारलं, "बाकीच्या कुठं गेल्या हो त्या?"

"बघते मी," ती म्हणाली. "एकेक बघते."

त्याला दीड महिना झाला होता. तिने एकही पाहिली नव्हती.

त्या दिवशी सकाळी चार पावलं वाजून थांबली आणि तासाभराने दादा आला. तिचा थोरला भाऊ. कारखान्यात त्याने कधी हातोडी उचलली नव्हती, पण चार मोठ्या कचेऱ्यांत माणसांना वळण लावायची कामं केली होती, आणि बहीण अडचणीत आहे म्हटल्यावर तो धावून आला होता, हे खोटं नव्हे.

"हे बघ, बारके," त्याने टेबलावर कागद ठेवला. "लाकूड कोणी निवडलं? मिस्त्रींनी. वय झालं, नजर चुकली. दोन ओळींचं पत्र आहे. तू सही कर, मी दुकानदारांकडे नेतो. आठ दिवसांत थांबलेली मागणी पुन्हा सुरू."

"आणि मिस्त्री?"

"मानाने निरोप देऊ. भिंतीवरचं छानसं घड्याळ देऊ एखादं."

"चाळीस वर्षं वेळेवर आलेल्या माणसाला घड्याळ," मावशी पॉलिशच्या डब्यात तोंड घालून म्हणाल्या. "चांगलं आहे."

दादाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "कठीण दिवसांत पुढाऱ्याने काय करायचं असतं? धक्का पचवायचा, मागचं मागे टाकायचं आणि ताठ उभं राहायचं. तू रोज अशी सुतकी चेहऱ्याने दारात उभी राहतेस, म्हणून ही सात माणसं बिचकलीत."

"दादासाहेब," मावशी म्हणाल्या, "ताठ उभे राहा, पण त्या शिडीला टेकू नका. पॉलिश ओलं आहे."

दादा एकदम पुढे सरकला. सदऱ्याच्या पाठीवर दोन तांबूस पट्टे उठले होते. कोपऱ्यात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच इथे कुणी हसलं होतं. ही माणसं अजून हसू शकत होती. अजून तिच्या भरवशावर होती.

तिने पेन उचललं. खिडकीपाशी मिस्त्री पाठमोरे बसून रंधा मारत होते. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं, पण रंध्याची लय चुकत नव्हती. सही केली की संपलं. कुणाला कळणार नव्हतं. एकोणतीस खुणांच्या वेळीही कुणाला कळणार नव्हतं.

टक.

तिने मान वर केली. भर उजेडात, सात माणसांदेखत. टक. टक. टक. बाकी कुणी वळूनही पाहिलं नाही. फक्त मिस्त्रींचा रंधा थांबला.

तिने पेन ठेवलं. रांगेतली एक शिडी ओढून मोकळ्या भिंतीला लावली आणि चपला काढल्या.

"आता हे काय?" दादा म्हणाला.

ती चढू लागली. तिसऱ्या पायरीवर तिला वाटलं, मागून कुणीतरी चढतंय. तिचं पाऊल उचललं, की खालच्या पायरीवर दुसरं पडतंय. चौथी. तिने खाली बघितलं नाही. तिला मलमाच्या वासाच्या खोलीतला रंगाऱ्याचा पाय आठवला. तिने पाचवीवर पाय ठेवला. पायरीने वजन धरलं. मग सहावी, सातवी, आठवी, नववी.

"त्या चाळीसातल्या अकराच शिड्या मी चढून पाहिल्या," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता. "बाकीच्यांवर खाली बसून खूण केली. मोडली ती त्यातली असणार. मिस्त्रींवर बोल येत होता आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले."

मागे मिस्त्री उठल्याचा आवाज आला. ते आपल्या हत्यारांच्या पेटीकडे गेले आणि तळातून फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा काढून शिडीपाशी आले. रंगाऱ्याकडून परत आलेल्या मोडक्या शिडीची वरची पायरी होती ती, खडूची खूण अजून शाबूत. हात उंचावून त्यांनी तो तिला दिला.

"वर उभा राहून माणूस खूण करतो, तेव्हा ती त्याच्या बाजूने सुलट असते," ते म्हणाले. "ही उलटी आहे."

तिने पायाखालच्या पायरीवर तो तुकडा धरून पाहिला. उलटी होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"आबांनी मला लाकूड निवडायला ठेवलं होतं. त्या पाचव्या पायरीतली गाठ माझ्या नजरेतून सुटली, तो वाटा माझा. तू चढली असतीस तर ती करकरली असती, हा तुझा. तुझं मी कसं बोलणार?" ती मालकीण झाल्यापासून ते तिला 'तुम्ही' म्हणत आले होते. "उतर आता, पोरी. पाय थरथरतायत तुझे."

ती उतरली. दादाने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "संपलं म्हणायचं मग," तो हळूच म्हणाला. "हे कळल्यावर आपल्याकडून शिडी घेणार कोण?"

"माहीत नाही, दादा."

"मग करणार काय?"

"एकोणचाळीस शिड्या बाहेर आहेत. लोक त्यांवर चढतायत." तिने कपाटातून रवानगीची वही काढली. कुठली शिडी कुणाच्या घरी गेली, ते त्यात होतं. "खडू एव्हाना पुसला गेला असेल. माझ्या अकरा कोणत्या, ते आता ओळखू येणार नाही. म्हणजे सगळ्याच."

"घरोघर जाऊन चढणार तू? लोक हाकलून देतील."

"देतील काही."

मावशींनी हात पुसत वहीत डोकावून पाहिलं. "त्या वाचनालयाच्या बाई तोंडाच्या फटकळ आहेत हो. तिथं आधी जाऊ नका." मग थोडं थांबून म्हणाल्या, "की आधीच जा. पुढचं सोपं वाटेल."

तिने पिशवीत उरल्यासुरल्या खुणा पुसायला ओलं फडकं घेतलं, आबांच्या हातचा उरलेला खडू घेतला आणि वहीच्या समासात सर्वांत वर, कुठल्याही पत्त्याच्या आधी, रंगाऱ्याच्या घरची गल्ली लिहिली. तिथे शिडी नव्हती. पण तिथल्या बाईला खरं सांगायचं होतं, आणि आजपासून बघायला निघाले, हेही.

मिस्त्री पुन्हा खिडकीपाशी बसले. लाकूड उजेडात धरून ते गाठी शोधत होते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

ती उंबरठा ओलांडत होती तेवढ्यात मागे रांगेत पाऊल वाजलं. टक. मग दुसरं. ती क्षणभर थबकली. मोजायला थांबावंसं वाटलं. पाचवं पडतं का, ते ऐकावंसं वाटलं.

मग तिने हातातल्या चपला पायांत सरकवल्या, दार आवाज न करता लोटलं आणि ती गल्लीच्या दिशेने चालू लागली.