खुर्च्यांनी मोजे घातले तेव्हा

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे, पण मला अजून छान ऐकू येते. मी एक जुना मायक्रोफोन. तुम्ही मला माईक म्हणता, तेही मला आवडते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी केसाहून बारीक तार गुंडाळून ती माझ्या पोटात बसवली. काम करताना त्या श्वासदेखील जपून घेत. मग कुणीतरी माझ्यासमोर "हॅलो, हॅलो" म्हटले आणि मी पहिल्यांदा ऐकले!

तिथून मी एका कॉलेजात आलो. तळमजल्यावर ध्वनिमुद्रण शिकवत. विद्यार्थी माझ्यासमोर गायचे, बातम्या वाचायचे, ऐन वेळी शिंकायचेसुद्धा. सर कौतुकाने म्हणायचे, "हा गडी पडला तरी कुरकुरत नाही." पुढे एकदा मी खरोखरच पडलो. ही जाळी तेव्हाची.

मग नवे चकचकीत माईक आले आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. गुंतलेल्या तारा, धूळ आणि शांतता. मित्रांनो, ज्याचा जन्म ऐकण्यासाठी झाला, त्याला ती शांतता फार जड जाते.

आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, बालशिक्षणाचा अभ्यासक्रम होता आणि त्याला जोडलेली बालवाडी. वर खुर्च्या सरकल्या की खाली रेकॉर्डिंग वाया जाई. "वर मुलं आहेत की हत्ती?" असे म्हणत सर कपाळाला हात लावत.

त्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी शिकत होती. गंमत म्हणजे तिची आईही त्याच कॉलेजात, वरच्या मजल्यावर. लेकरे हाताशी आल्यावर आईने हौसेने बालशिक्षणाला प्रवेश घेतला होता. तिच्या वर्गातल्या मुली आणि बालवाडीतली मुलेही तिला काकू म्हणत. लेकीला मात्र अवघडल्यासारखे होई. "इथे मला सगळ्यांसमोर बाळा म्हणून हाक मारू नकोस हं," अशी तिने आईला ताकीदच दिली होती.

एका दुपारी आई खाली आली. खण अर्धा उघडा होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाळा, मी हा कोर्स सोडते."

"का गं? काय झालं?"

"त्या भुंग्यापुढे मी हात टेकले. मी गोष्ट सांगायला लागले की तो कानांवर हात ठेवतो आणि गुणगुणत बसतो. माझा आवाजच त्याला नकोसा होतो. पुढच्या आठवड्यात माझा परीक्षेचा पाठ आहे. आणि आमच्या बाईंनी त्याच्या बाबांना सांगितलंय, की असंच चाललं तर वर्षभर त्याला घरी ठेवा."

भुंगा म्हणजे बालवाडीतला चार वर्षांचा मुलगा. दिवसभर गुणगुणतो म्हणून त्याला ते नाव पडले होते.

लेक म्हणाली, "आई, तुझा आवाज मी जन्मापासून ऐकतेय. कान झाकण्यासारखं त्यात काही नाही. ओरडतेस तेव्हाचं सोड."

आई रडता रडता हसली. लेकीने खण उघडला. नवे माईक बाहेर न्यायची परवानगी नव्हती. मला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, वरच्या बाईंना आणि भुंग्याच्या बाबांना विचारून, तिने मला वर्गातले आवाज टिपायला बालवाडीत एका कोपऱ्यात उभे केले. बाप रे, काय तो कल्लोळ! खुर्च्या किंचाळत होत्या, लाकडी ठोकळे कोसळत होते. प्रत्येक आवाज उघड्या भिंतींवर आपटून परत येई आणि पुढच्या आवाजावर आदळे. त्या कल्लोळावर आवाज चढवायला आई घसा ताणत होती. माझ्या शेजारी भुंगा बसला होता. तो एकच सूर घट्ट धरून होता. मी पुष्कळ गाणारे ऐकलेत, पण इतक्या कळवळून धरलेला सूर ऐकला नव्हता.

मधल्या सुट्टीत लेकीने आईच्या कानांना हेडफोन लावले.

"नीट ऐक. आधी खुर्ची घासते, मग तो गुणगुणतो. तू तोंडही उघडलेलं नाहीस अजून. तुला नाही गं, तो या गोंगाटाला बाहेर ठेवतोय."

आईने पुन्हा ऐकले. मग हेडफोन काढून ती म्हणाली, "आणि मी आपली आणखी मोठ्याने बोलत राहिले!"

लेकीने ते सरांनाही ऐकवले. सर आधी कुरकुरले. पण वर येऊन त्यांनी रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवली आणि ती परत आलेली ऐकली. "ही खोली कसली, पत्र्याचा डबा आहे!" म्हणत त्यांनी रेकॉर्डिंगच्या खोलीतले जुने जाड पडदे काढून दिले. पालकांनी सतरंज्या आणल्या. आईने सगळ्यांच्या घरचे विजोड मोजे मागवले आणि मुलांनी ते खुर्च्यांच्या पायांत चढवले. "खुर्चीला गुदगुल्या होतात का?" एकीने विचारले. भुंग्याने आपल्या खुर्चीला चारही वेगळ्या रंगांचे मोजे घातले.

पाठाच्या दिवशी बाई मागे बसल्या. मी कोपऱ्यात होतो. आईने हळू आवाजात गोष्ट सुरू केली, चवड्यांवर चालणाऱ्या एका हत्तीची. भुंग्याचे हात सवयीने कानांवर गेले. एक खुर्ची सरकली. नुसते फस्स झाले. ठोकळा पडला, तो सतरंजीवर. गुणगुणणे हळूहळू विरत गेले. एक हात खाली आला. बऱ्याच वेळाने दुसरा. आई पाणी प्यायला थांबली, तेव्हा तो म्हणाला, "मग हत्तीने काय केलं?"

दारात उभ्या लेकीला राहवले नाही. "आई, जमलं!" ती ओरडली. मुलांनी वळून पाहिले. "काकू, ही तुमची मुलगी? एवढी मोठी?" वर्गात हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती लेकच.

आईचा पहिला नंबर वगैरे आला नाही, पण ती छान पास झाली. भुंगा बालवाडीतच राहिला. अजूनही अधूनमधून गुणगुणतो, पण आता कोणी त्याला हट्टी म्हणत नाही. सरांची रेकॉर्डिंगही स्वच्छ होऊ लागली. आणि मी पुन्हा खणात गेलो नाही.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची तार नीट गुंडाळून ठेवा, जाळीवर टकटक करू नका. आणि कोणी तुमचे ऐकत नाही असे वाटले, तर आवाज चढवण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला काय ऐकू येते ते ऐका.

आज मायलेकी दुसऱ्या एका बालवाडीतला गोंगाट ऐकायला आल्या आहेत. मी लेकीच्या पिशवीत आहे. दाराबाहेरच खुर्च्यांची किंचाळी ऐकू येते आहे. आई दारावर टकटक करते आणि लेक पिशवीची चेन उघडते आहे. चला, मला उजेड दिसतो आहे.