दाजींचं बोट

करंजा बंदरावरच्या दाजींची बोटं मासेमारीच्या जाळ्याची दोरी ओढून ओढून अशी राठ झाली होती की सुई टोचली तरी कळत नसे. म्हातारपणी ते पनवेलला, खांदा कॉलनीत मुलाकडे, प्रणितकडे, राहायला आले आणि त्यांचं सगळं सुख एका जुन्या ई-रीडरमध्ये येऊन बसलं. अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. कडेचं बटण टक्‌कन दाबलं की पान उलटायचं. कुणाच्या विनवण्या करायला नकोत.

ती टकटक सुनेच्या, विनिताच्या, डोक्यात जायची. एक दिवस तिने न विचारता ते यंत्र एक्स्चेंजमध्ये देऊन टचस्क्रीनवालं आणलं. प्रणितने बायकोचं कौतुक केलं. पण दाजींच्या कोरड्या बोटांना काच दादच देईना. मग त्यांनी जन्मभर केलं तेच केलं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला गेले. ओल्या बोटाने काच बावचळली, पानं भराभर पळाली.

"शी! बाबा, थुंकी?" विनिताने यंत्र ओढून घेतलं. "पानं मी उलटीन. तुम्ही हात लावायचा नाही."

उलटायची, पण कशी! डोळे मोबाइलवर आणि बोट काचेवर सटासट. एका वेळी चार-चार पानं जायची.

"विनिता, मधला काय तरी सुटला गो."

"सुटलं नाही, तुम्ही विसरलात."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती ते रोज वापरू लागली. दुष्ट बाई, दुसरा शब्द नाही.

रविवारी दाजींची बहीण भामा करंजाहून आली.

"बाबांनी अख्खं पुस्तक वाचलं," विनिता म्हणाली. "सांगा ना आत्यांना गोष्ट."

दाजी खुलले. होडी हाकणारा तांडेल, त्याची रुसलेली बायको, सगळं रंगवून सांगू लागले आणि एकदम अडले. बायको मेली कधी? होडी कुणी विकली?

"मना पानाच दावली नाय," ते म्हणाले.

विनिताने भामाकडे बघून नुसती मान हलवली. भामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्रणित, याला डाक्टरला दाखव रं. आमच्या बापाचा इसरना पन असाच सुरू झाला व्हता."

"भामा, मी बरा हाय!" दाजी ओरडले. ओरडले, तेही त्यांच्याच अंगाशी आलं.

प्रणितने ई-रीडर कपाटात ठेवून कुलूप लावलं. "राहू दे, बाबा. डोक्याला ताण नको." त्याच्या आवाजात खरी माया होती, म्हणून दाजींना भांडताही आलं नाही.