संताच्या पाठीमागचा दिवा

मी जुना आहे, काजळीने काळा पडलो आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकतात. मी करणार नाही.

मी गाडीतला ऑक्सिजन सेन्सर. आमच्या सर्बियात मला सोंडा म्हणतात. तुम्हाला सोंड आठवली असेल, तर बरोबरच आठवली. धुराच्या नळीत नाक खुपसून बसायचे आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगायचे, हेच माझे काम. मला तोंड नाही. जे कळते ते मी तारेतून इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्याला काही वावगे वाटले की चालकासमोर एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे माझे बोलणे.

कारखाना, भट्टी, जन्म, ते सगळे सोडून द्या. एका निळ्या गाडीच्या पोटाखाली मला पिळून बसवले आणि पुढे कित्येक वर्षे माझी कुणाला आठवणही झाली नाही. सेन्सरचे कौतुक असेच असते. दिवा लागत नाही, एवढेच.

गाडी रोसांदाची. ती रास्पबेरीच्या शीतगृहात फळे निवडायची. नवरा वारल्यापासून गाडीचे सगळे तिचा कूम, तादिया मेकॅनिक, बघायचा. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहतो आणि पुढे बाळाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरतो तो. आमच्याकडे भावाशी भांडण चालते. कुमावर संशय चालत नाही. रोसांदाच्या लेकीला, नेदाला, याच तादियाने हातांवर धरले होते. नेदा आता शाळेत जायची, रोज मागच्या सीटवर बसून, घाट उतरून.

एका शरद ऋतूत गाडी ब्रेकसाठी तादियाकडे गेली. माझ्या अलीकडे धूर गाळणारी पेटी होती. तिच्या आतल्या जाळीत मौल्यवान धातू असतो. तादियाने पेटी कापली, जाळी पिशवीत टाकली आणि रिकामी पेटी परत जोडली. घाईत वेल्डिंगला वरच्या बाजूने फट राहिली. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर.

त्या फटीतून धूर निघायचा आणि वर, मागच्या सीटकडे चढायचा. इंजिनाच्या दोन फुत्कारांच्या मध्ये बाहेरची हवा आत शिरायची. जिथे धूर यायला हवा तिथे मला ताजी हवा लागली. मी सांगितले.

दिवा लागला.

तादियाने स्कॅनर जोडला. "पी शून्य एक तीन सात. मागचा सोंडा, सिग्नल कमी." मग हसला. "म्हातारा झालाय गं रोसांदा. काहीबाही बरळतो." त्याने कोड पुसला.

विझला.

लागला.

विझला.

लागला.

मित्रांनो, कोडमध्ये बोलणाऱ्याचे नाव असते, गुन्हेगाराचे नसते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर मी कशाला रागावू? तादियाला ठाऊक होते.

आणि मागे नेदा. "आई, डोकं गरगरतंय." शाळेच्या फाटकापाशी उतरली की ओकायची. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. तादियाने न पाहताच सांगितले, "प्रोमाया! दोन्हीकडच्या काचा उघड्या, मधून वारा वाहतो, तो पोरीच्या मानेत बसतो. काचा गच्च लाव."

आमच्या डोंगरात माणसे लांडग्याला भिणार नाहीत इतकी प्रोमायाला भितात. रोसांदाने काचा लावल्या. वर नेदाच्या गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला.

सूड घ्यायला हात लागतात. माझ्याकडे एकच दिवा होता. मी तो विझू दिला नाही.

मग तादियाने दिव्यावर संत निकोलाचे चित्र चिकटवले. "प्रवाशांचा रक्षक आहे हा. आता बघू, कोण घाबरवतं तुला!" पण कागद पातळ होता. दुसऱ्या दिवशी नेदा म्हणाली, "आई, संताला कावीळ झालीय."

रोसांदा हसली. मग हसायची थांबली आणि गाडी तादियाकडे वळवली.

"कूमा, संत पेटलाय."

"मग बदलूनच टाकू तो सोंडा. कटकट नको."

त्याने मला पिळून काढले, नवा बसवला. रोसांदाने हात पुढे केला. "जुना इकडे द्या."

"काय, लोणचं घालणार?"

"मुरला तर घालीन."

मी तिच्या कोटाच्या खिशात गेलो.

थोड्याच दिवसांत संत पुन्हा पिवळा झाला. तादियाने स्कॅनर लावला. "पी शून्य एक तीन..." आणि तो खोकला.

"सात," रोसांदा म्हणाली. "नवासुद्धा बरळतो?"

"मालच खराब आला असेल."

"दोघं शब्दाला शब्द एकच बरळतात, कूमा?"

"तू बेरी निवड. गाडीचं मला कळतं."

पुढे बर्फ पडला आणि संत निकोलाचा दिवस उगवला. तीच रोसांदाच्या घराची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. सकाळी तिने अंगणात गाडी सुरू केली आणि काचा पुसायला उतरली. माझे नाक खिशातून बाहेर होते. मागच्या नळीतून पांढरी वाफ निघत होती. दुसरी वाफ निघत होती गाडीच्या पोटातून. रोसांदा गुडघ्यांवर बसली. गाडीखालचा बर्फ मधोमध वितळला होता, कडेला काजळी धरली होती. त्याच्या बरोबर वर नेदाची जागा.

ती उठली. गाडी बंद केली. संताचे चित्र हळूच सोलून घरात नेले.

दुपारी पाहुणे जमले. तादिया बाटली घेऊन आला. रोसांदा म्हणाली, "कूमा, सणाचा पाव चर्चमध्ये कापून आणायचाय. चला माझ्याबरोबर. तुम्ही मागे बसा, नेदाच्या जागेवर. पाव मांडीवर घ्या."

पाहुणे पायऱ्यांवर उभे होते, नेदाही त्यांच्यात. रोसांदा पुढे बसली, इंजिन सुरू केले आणि गाडी जागची हलवली नाही.

"काचा लावल्यात ना, कूमा? प्रोमाया वाईट."

"निघ ना मग!"

"इंजिन तापू द्या. घाई कशाला? घाईत कामं बिघडतात."

तादियाने पायाखाली पाहिले. समोर पाहिले. दिवा उघडा होता, पिवळाजर्द. आणि मित्रांनो, जो माणूस भर उन्हाळ्यात चर्चचे दार लावून घ्यायचा, त्याने काचेची मूठ चाचपली, गरागरा फिरवली आणि डोके बाहेर बर्फात काढले. अजून कसला वास आला नव्हता. डोके दुखायला वेळ लागतो. न सांगता काच उघडतो तो माहीत असणाराच.

रोसांदाने इंजिन बंद केले. पायऱ्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या पोरीला काचा लावायला कुणी सांगितलं होतं?"

"रोसांदा, पाहुण्यांसमोर नको..."

"कुणी?"

"मी." मग एकदम म्हणाला, "जाळी विकली मी. जोड घाईत झाला. उद्या नीट करून देतो, देवाशपथ!"

"माझ्या गाडीला आता तुमचा हात लागणार नाही."

स्लावाच्या दिवशी पाहुण्याला दाराबाहेर काढत नाहीत. म्हणून तिने त्याला आत नेले. कुमाच्या मानाच्या जागी बसवले, माशाचे सूप वाढले आणि खिशातून काढून मला त्याच्या ताटाशेजारी ठेवले. पांढऱ्या कापडावर माझा काळा डाग उमटला. घरातल्यांच्या आरोग्यासाठी पेले उचलले गेले. दर वेळी त्यालाही उचलावा लागला. दर वेळी नेदा त्याच्याकडे पाहत होती. मला फार बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या गॅरेजने फट बुजवली, नवी पेटी बसवली. दिवा विझला. नेदाचे डोके गरगरायचे थांबले. ती आता काच बोटभर उघडी ठेवते. माझ्या जागी आलेल्याची कुणाला आठवण होत नाही, म्हणजे तो सुखात आहे.

मित्रांनो, दिवा लागला तर दिव्यावर चिडू नका. त्याच्यावर देव चिकटवू नका. कोडमध्ये ज्याचे नाव आहे त्याला लगेच उपटून फेकू नका. तो काय म्हणतो ते ऐका, मग तार बघा, नळी बघा, जोड बघा. आणि मागच्या सीटवरून कुणी डोके दुखते म्हणाले, तर गाडी थांबवून आधी काच उघडा.

स्लावाला बोलावणे नसते. ज्याला यायचे तो येतो. रोसांदा दर वर्षी कुमाची जागा मांडते, सूप वाढते, ताटाशेजारी मला ठेवते आणि त्याच्यासाठी दार सताड उघडे ठेवते.

तो येत नाही. दारातून वारा येतो. कुणीही 'दार लावा' म्हणत नाही.